दाताला कॅप बसवायचीय? आधी त्या दाताचा पूर्ण हिशेब मांडा

सांगलीतल्या एका दातांच्या दवाखान्यात मी काउंटर सांभाळते. केसपेपर काढणं, तारखा देणं, कॅप बनवणाऱ्या लॅबला मापं पाठवणं, तिथून आलेल्या कॅप नोंदवून घेणं आणि पैसे घेणं हे माझं रोजचं काम. पेशंट खुर्चीवरून उठून माझ्यासमोर आला की बहुतेक वेळा पहिला प्रश्न एकच असतो, "कॅपला किती पडतील?" मी आकडा सांगते. पण त्या एका आकड्यावर घरी जाऊन कोणी बजेट मांडलं तर ते हमखास कमी पडतं. घर बांधताना आपण नुसता सिमेंटचा भाव विचारून थांबत नाही, सगळ्या कामाचा अंदाज घेतो. दाताचंही तसंच करायला हवं.

मी डॉक्टर नाही. कुठल्या दाताला काय करायचं हे डॉक्टरच ठरवतील. पण पैसे कुठे कुठे लागतात, कोणता प्रश्न कधी विचारायचा आणि पैसे कमी असतील तर काय थांबवता येतं, काय थांबवू नये, हे मला नीट सांगता येईल.

पायरी १ : कॅप कशासाठी, ते विचारून घ्या

कॅप म्हणजे दाताला वरून आणि चारी बाजूंनी झाकणारं टोपण. ती बसवण्याआधी दात सगळीकडून थोडा घासून बारीक करतात. घासलेला भाग परत येत नाही, त्यामुळे कॅप लागतेच आहे ना, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सगळ्यात जास्त कॅप बसतात त्या रूट कॅनाल झालेल्या, म्हणजे आतली खराब नस काढून मुळं भरलेल्या दाढांवर. कीड काढताना आणि नसेपर्यंत वाट करताना दाढ आतून पोकळ होते, कडेच्या भिंती पातळ राहतात. अशा दाढेवर शेंगदाणा नाहीतर भाकरीचा कडक पापुद्रा जोरात चावला गेला की तिला उभी चीर जाऊ शकते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्याशिवाय उपाय राहत नाही, आणि रूट कॅनालला घातलेले पैसेही तिच्याबरोबर जातात.

समोरच्या दाताचं वेगळं असतं. त्याच्यावर चावण्याचा भार कमी. रूट कॅनाल झालं तरी दात बऱ्यापैकी शाबूत असेल तर कधी कधी नुसतं भरून भागतं. म्हणून विचारा, "डॉक्टर, हा भरून टिकेल का? कॅप नाही बसवली तर काय होईल?" चांगले डॉक्टर एक्स-रे समोर धरून समजावतात. लहान मुलांच्या दुधाच्या दाढेवर तयार स्टीलची कॅप मिळते, ती बहुतेक वेळा एकाच भेटीत बसते. तिच्या खर्चाचा मोठ्यांच्या कॅपशी संबंध लावू नका.

पायरी २ : एकूण खर्च कागदावर लिहून मागा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इंजेक्शन देण्याआधी एवढंच म्हणा, "या दाढेचा पहिल्यापासून शेवटपर्यंत किती खर्च येईल, तो लिहून द्या." केसपेपरच्या मागे लिहून दिला तरी चालेल.

त्या कागदावर काय काय असू शकतं ते बघा. तपासणी आणि एक्स-रे. रूट कॅनाल, आणि ते आधी दुसरीकडे होऊन बिघडलं असेल तर पुन्हा करण्याचा जास्तीचा खर्च. त्यानंतर येतं ते बिल्डअप, म्हणजे दाढ इतकी खाल्ली गेलेली असते की कॅपला धरायला काही उरत नाही, म्हणून आतला भाग पक्क्या मसाल्याने उभा करणं. फारच कमी दात उरला असेल तर दाताच्या मुळामध्ये काडीसारखी पोस्ट बसवतात, तिचे वेगळे पैसे. दात हिरडीच्या आतपर्यंत तुटला असेल तर हिरडी थोडी कापून कडा उघडी करावी लागते, तेही वेगळं. शेवटी कॅप. काही ठिकाणी तात्पुरत्या कॅपचे पैसे त्यातच असतात, काही ठिकाणी नसतात. जुनी कॅप कापून काढायची असेल तर त्याचेही वेगळे पैसे असतात.

समजा एक्स-रे २०० रुपये, रूट कॅनाल ३,५०० रुपये, बिल्डअप ८०० रुपये आणि धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप ३,५०० रुपये. म्हणजे ८,००० रुपये झाले. पेशंटच्या डोक्यात मात्र "कॅप साडेतीन हजार" एवढंच बसलेलं असतं. काउंटरवरचे बहुतेक वाद या फरकातूनच होतात, आणि त्यात चूक एकाच बाजूची नसते. पेशंटने तुकड्याचा भाव विचारलेला असतो आणि दवाखान्याने तुकड्याचाच सांगितलेला असतो.

आणखी एक गोष्ट. भाव दर दाताचा असतो, आमच्या भाषेत युनिटचा. एक दात काढून तिथे ब्रिज बसवायचा म्हटलं की शेजारच्या दोन दातांचा आधार घेतात आणि तीन युनिटचे पैसे लागतात. "दाढ काढूनच टाका, कॅप परवडत नाही" असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. काढायला थोडेच पैसे पडतात. पण ती जागा भरायची ठरली तर तीन कॅपचा नाहीतर इम्प्लांटचा, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाचा खर्च समोर येतो. जागा तशीच ठेवली तर शेजारचे दात तिकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातली दाढ हळूहळू त्या जागेकडे बाहेर सरकते. अक्कलदाढ असेल तर गोष्ट वेगळी, ती काढणंच बरेचदा शहाणपणाचं असतं.

गावाहून येणाऱ्यांनी या कागदावर आणखी एक ओळ स्वतः लिहावी, फेऱ्यांची. जत किंवा आटपाडीहून सांगलीला यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाचा रोजगार दोन्ही जातं. किती वेळा यावं लागेल, रूट कॅनाल एकाच बैठकीत होईल का, हे आधी विचारलं तर डॉक्टर शक्य तेवढ्या भेटी एकत्र करून देतात.

पायरी ३ : कॅपचे प्रकार आणि भाव

खालचे आकडे आमच्या भागात मला साधारणपणे दिसतात ते आहेत. तुमच्या दवाखान्यात कमी-जास्त निघतील. अंदाज बांधायला एवढे पुरेत.

पूर्ण धातूची कॅप सगळ्यात स्वस्त, १,५०० ते २,५०० रुपयांच्या आसपास. तिला लोक उगाच कमी लेखतात. ती चिवट असते, पातळ बनवता येते, त्यामुळे दात कमी घासावा लागतो. सगळ्यात मागची दाढ, जी हसताना कोणाला दिसतच नाही, तिच्यासाठी पैसे कमी असताना धातूची कॅप हा अगदी चांगला निर्णय आहे. फक्त एक काळजी घ्या. या धातूंमध्ये बरेचदा निकेल असतं. नकली कानातल्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने तुमच्या अंगाला खाज सुटत असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

आत धातू आणि वर पांढरं सिरॅमिक अशी कॅप २,५०० ते ५,००० रुपयांत बसते. आमच्याकडे 'सिरॅमिकची कॅप' म्हणतात ती हीच. दाढेला पांढरा रंगही मिळतो आणि मजबुतीही. हिचे दोन दोष माहीत असू द्या : वरचा पांढरा थर कधी कधी टवका उडून निघतो, आणि काही वर्षांनी हिरडी थोडी खाली सरकली की कडेला काळसर रेघ दिसते. दाढेला ती रेघ चालून जाते, समोरच्या दाताला खटकते. याच प्रकारात डीएमएलएस नावाची थोडी महाग कॅप मिळते. तिचा आतला धातू ओतण्याऐवजी लेझरने थरावर थर देऊन बनवतात, त्यामुळे ती मापाला जास्त नेमकी येते.

झिर्कोनियाची कॅप साधारण ६,००० ते १२,००० रुपये, नावाजलेल्या ब्रँडची त्याहून पुढे. हिच्यात धातू नाही, काळी रेघ येत नाही, आणि ती फार मजबूत असते. संगणकावर आकार ठरवून ठोकळ्यातून मशीनने कोरून काढतात, म्हणून महाग. दाढेसाठी घेणार असाल तर "पूर्ण एकसंध आहे की वरून सिरॅमिकचा थर दिलाय?" हे विचारा. एकसंध असेल तर टवका उडण्याची भीती फार कमी. ई-मॅक्स नावाची काचेसारखी चमक असलेली कॅप समोरच्या दातांना खूप सुंदर दिसते, भाव झिर्कोनियाच्या बरोबरीने किंवा वर.

वॉरंटी कार्डाबद्दल पेशंटच्या मनात बराच गैरसमज असतो. झिर्कोनियाबरोबर पाच, दहा, पंधरा वर्षांचं कार्ड येतं. ते कॅप तुटली तर बदलून देण्यासाठी असतं. आतल्या दाताला पुन्हा कीड लागली, हिरडी बिघडली किंवा मूळच दुखायला लागलं तर कार्डाचा उपयोग नाही. नवी कॅप मिळाली तरी ती बसवण्याची डॉक्टरांची फी वेगळी असू शकते. कार्डावर तुमचं नाव, दाताचा क्रमांक आणि पडताळणीचा नंबर आहे का, ते घरी जायच्या आधी बघा.

माझं मत विचाराल तर पैसे मोजके असताना महागडी कॅप घेऊन हिरड्यांचा उपचार पुढे ढकलू नये. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका आणि तंबाखू खाणारे पुरुष यांच्या हिरड्या अनेकदा सैल झालेल्या असतात. आधी साफसफाई करून हिरडी घट्ट होऊ द्यायची आणि मग माप घ्यायचं. सुजलेल्या हिरडीवर घेतलेलं माप पुढे कडेला फट ठेवतं, आणि तिथेच पुन्हा कीड धरते.

पायरी ४ : कुठे करायचं ते ठरवा

सांगलीकरांची एक सोय आहे. इथे दोन दंत महाविद्यालयं आहेत, सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं. सातारा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या लोकांना कराडला कृष्णाचं जवळ पडतं. तिथे शिकाऊ डॉक्टर त्यांच्या सरांच्या आणि मॅडमच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो. वेळ मात्र जास्त लागतो, कारण प्रत्येक टप्पा वरिष्ठांनी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, आणि परीक्षा व सुट्ट्यांच्या काळात काम कसं चालतं ते आधीच विचारून ठेवा. हाताशी वेळ आहे आणि पैसे कमी आहेत, अशांना मी हाच रस्ता सांगते.

खाजगी दवाखान्यात भाव वेगवेगळे का, तर लॅब वेगळी, साहित्य वेगळं, जागेचं भाडं वेगळं आणि डॉक्टरांचं शिक्षणही वेगळं. रूट कॅनाल आणि कॅप बीडीएस, म्हणजे दातांची पदवी घेतलेले डॉक्टर रोज करतात. अवघड केस असेल, म्हणजे जुनं रूट कॅनाल उघडायचं किंवा एकदम पुष्कळ कॅप बसवायच्या, तर त्या विषयात पुढचं शिक्षण घेतलेल्या एमडीएस डॉक्टरांची फी द्यायला हरकत नाही. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, तो बघा. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसून दात लावून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. नोंदणीशिवाय असं काम करणं कायद्याने गुन्हा आहे, आणि हिरडीवर थापलेला तो मसाला काढायला पुढे दुप्पट पैसे लागतात.

"रूट कॅनाल आणि कॅप मिळून अमुक रुपयांत" अशी जाहिरात दिसली तर तीन गोष्टी विचारा : कॅप कोणत्या प्रकारची, बिल्डअप त्यात आहे का, आणि समोरच्या दाताला तोच भाव आहे का. उत्तरं नीट मिळाली तर ऑफर चांगलीही असू शकते.

एकदम चार-पाच कॅप सांगितल्या असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. एक्स-रेची प्रत मागून घ्या किंवा मोबाइलवर पाठवायला सांगा. तेवढ्याने कोणी रागावत नाही.

पायरी ५ : पैशाची जुळणी

आधी विम्याचं बघू. नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचे उपचार सहसा बसत नाहीत. अपघातात दात तुटला असेल तर पॉलिसीचा कागद उघडून बघा. काही पॉलिसींमध्ये ओपीडीचा, म्हणजे दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा जादा भाग घेतलेला असतो, त्यात थोडी रक्कम मिळू शकते. माजी सैनिकांच्या घरात ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर खाजगीत पैसे भरण्याआधी त्या योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये विचारून या. नंतर बिल घेऊन गेलं तर उपयोग होईलच असं नाही.

एक फायदा मात्र फार लोकांना माहीत नसतो. आई-वडील साठीच्या पुढचे आहेत, त्यांचा आरोग्य विमा नाही आणि त्यांचा खर्च करणारा मुलगा किंवा मुलगी जुन्या करपद्धतीने विवरण भरते, तर त्यांच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट घेता येते. अट एवढीच की पैसे रोख दिलेले नसावेत. यूपीआय किंवा चेकने द्या, पक्कं बिल घ्या. आजारावरच्या दंतोपचाराला जीएसटी लागत नाही, त्यामुळे "बिल घेतलं तर टॅक्स पडेल" या भीतीने कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानू नका.

पैसे एकदम द्यावे लागतात असंही नाही. बऱ्याच दवाखान्यांत रूट कॅनालचे पैसे त्या त्या भेटीला, कॅपचे अर्धे माप घेताना आणि उरलेले कॅप बसताना घेतात. माप लॅबला गेलं की लॅबचं बिल सुरू होतं, म्हणून तेव्हाचे अर्धे सहसा कोणी सोडत नाही. हप्त्यांची सोय एखादी फायनान्स कंपनी देत असेल तर बिनव्याजी म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि हप्ता चुकल्यावरचा दंड विचारा. मला विचाराल तर भिशीचा नंबर लागलेला असताना तो यासाठी वापरणं कर्जापेक्षा बरं.

आता खरी अडचण. रूट कॅनाल झालं, ठणका थांबला, आणि पेशंट म्हणतो, "कॅपचं ऊसाचं बिल आल्यावर बघू." ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचा नियम आहे, पण तोड कधी येईल ते आपल्या हातात नसतं. दुखत नाही म्हणून दाढ सुरक्षित आहे असं मुळीच नाही. नस काढल्यामुळे ती दुखणं बंद होतं, फुटणं नाही. शक्यतो काही आठवड्यांतच कॅप बसवा. तेवढे पैसे खरंच नसतील तर गप्प बसू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते तात्पुरत्या मसाल्याऐवजी पक्कं भरून देतात, दाढेची टोकं थोडी घासून तिच्यावरचा भार कमी करतात, किंवा धातूची कॅप सुचवतात. तोवर त्या बाजूने चावायचं नाही. दातांनी ऊस सोलणं तर सोडाच.

कामं बरीच असतील तर क्रम लावून घ्या. आधी दुखणारं आणि पू झालेलं, मग रूट कॅनाल झालेल्या दाढांच्या कॅप, त्यानंतर रिकाम्या जागा, आणि सगळ्यात शेवटी फक्त दिसण्यासाठीचं. असे टप्पे पाडून सहा महिने किंवा वर्षभरात खर्च वाटता येतो.

पायरी ६ : मापापासून बसवण्यापर्यंत

साधारण दोन भेटी लागतात. पहिल्या भेटीत दात घासून माप घेतात, रंग जुळवतात आणि तात्पुरती कॅप लावतात. लॅबमधून कॅप यायला काही दिवस ते आठवडा लागतो. घरात लग्न असेल आणि समोरच्या दाताचं काम असेल तर निदान महिनाभर आधी सुरुवात करा. दिवाळीत लॅबचे कारागीर सुट्टीवर असतात, तेही लक्षात ठेवा. रंग दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली तो फसवा दिसतो.

बसवायच्या दिवशी सिमेंट लावण्याआधीच आरशात बघा, दात एकमेकांवर टेकवून बघा. उंच लागत असेल, अन्न अडकेल अशी फट वाटत असेल, रंग आवडला नसेल, तर ते तेव्हाच बोला. सिमेंट लागण्याआधी कॅप लॅबला परत पाठवता येते. सिमेंट पक्कं झाल्यावर ती कापूनच काढावी लागते, आणि मग पैशाचा प्रश्न उभा राहतो. संकोचाने "ठीक आहे" म्हणणारे पेशंट आठवड्याने परत येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

नीट काळजी घेतली तर कॅप दहा-पंधरा वर्षं सहज टिकते. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखालच्या दाताला लागते, म्हणून हिरडीलगतची कडा रोज दोनदा घासा. रात्री दात खात असाल तर नाइट गार्डबद्दल, म्हणजे झोपताना दातांवर घालायच्या कवचाबद्दल विचारा. भडंगातले शेंगदाणे खाल्ल्याने काही होत नाही. सुपारी, बर्फ आणि बाटलीची झाकणं मात्र त्या दातांपासून लांब ठेवा.

एका पाकिटात एक्स-रे, बिल, वॉरंटी कार्ड आणि कॅपचा प्रकार व रंगाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पुढे गाव बदललं तरी नव्या डॉक्टरांना त्यावरून काम कळतं. कॅप कधी निघालीच तर ती फेकू नका, फेविक्विकने तर अजिबात चिकटवू नका. धुऊन डबीत ठेवा आणि दोन-तीन दिवसांच्या आत दवाखान्यात घेऊन या. आतला दात चांगला असेल तर बहुतेक वेळा तीच कॅप थोड्या पैशांत परत बसते.